‘मले’ म्हणणारं लेकरू

आई-बाबांनो, पाहुण्यांसमोर लेकरू “मले पानी दे” म्हणतं आणि तुम्ही डोळे वटारता, “गावंढळासारखं बोलू नको!” तुमची काळजी मला कळते. उद्या पुण्याला शिकायला गेल्यावर पोराला कुणी हसू नये, एवढंच तुमच्या मनात असतं. पण त्या एका शब्दाने आपण त्याच्या आजीला, मामाला, अख्ख्या गावालाच हलकं ठरवतो. पोराला ते बरोबर समजतं.

ही हेटाळणी जुनी आहे. ‘ग्राम्य’ म्हणजे मुळात गावचं. संस्कृत काव्यशास्त्राने ग्राम्यत्व हा दोष मानला आणि गावचं ते असभ्य झालं. ‘प्राकृत’चंही तसंच. साध्या माणसांची सहज बोली ती प्राकृत. पण ‘प्राकृत जन’ म्हणजे हलके, अडाणी लोक असा अर्थ रुळला. ज्यांच्या हाती पोथी आणि दरबार होता, त्यांची नजर या शब्दांना चिकटली. आपण यवतमाळात बसून तीच नजर आपल्या पोरांवर रोखतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच प्राकृतात हाल राजाची गाथासप्तशती आहे आणि तिच्यात कापसाची वावरंसुद्धा आहेत! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीसोबत प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या शेजारच्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, तेही लोकांच्या बोलीतच. आणि आपल्या यवतमाळच्या शंकर बडे यांचा एकपात्री ‘बॅरिस्टर गुलब्या’ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. तो वऱ्हाडी बोलायचा, म्हणूनच तर आपला वाटायचा.

प्रमाण मराठी पोरांना यायलाच हवी. परीक्षा, अर्ज, मुलाखत सगळं तिच्यातच होतं. वहीत ‘मला’ लिहायला जरूर शिकवा; फक्त सांगताना “शाळेत असं लिहितात, घरी आपण असं बोलतो” एवढंच म्हणा. ‘चूक’, ‘घाण’, ‘गावंढळ’ हे शब्द टाळा. ज्याला वाक्यावाक्याला अडवलं जातं, ते लेकरू हळूहळू सांगायचंच बंद करतं. झरी जामणी, केळापूरकडच्या कोलाम पोरांचं तर याहून अवघड. शाळेत त्यांची घरची भाषाच वेगळी पडते. तिथल्या आयांनी घरी कोलामी मुळीच सोडू नये.

या सुट्टीत पोराला आजीसोबत वावरात पाठवा. धुरा, पऱ्हाटी, डवरणी हे शब्द तिच्याकडून ऐकू द्या आणि त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात लिहू द्या.