पिशवीतला पू

आमच्या शेजारची राणी ही आठ वर्षांची कुत्री. माज ओसरून दीड महिना झाला आणि ती सारखी पाणी पिऊ लागली. खाणे मात्र सुटले. उन्हाळा आहे म्हणून घरच्यांनी आठवडा घालवला; घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्याही दिल्या. (हे कधीही करू नये.) शेवटी पशुवैद्यांनी तिची सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर जाड काळ्या नळ्या दिसल्या. गर्भाशय पुवाने भरले होते.

नळ्या काळ्या का? शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. यंत्रातील ध्वनीची कंपने सेकंदाला ७५ लाख धरली, तर तरंगलांबी ०.२ मिलिमीटर येते. भागाकार करून पाहा. सेकंदाला १००० कंपनांच्या, आपल्याला ऐकू येणाऱ्या ध्वनीची तरंगलांबी तिथे दीड मीटर, म्हणजे अख्ख्या राणीपेक्षा मोठी! त्याने काय दिसणार? पदार्थ बदलतो तिथून प्रतिध्वनी परततो. द्रवातून जवळजवळ काहीच परतत नाही, म्हणून तो भाग काळा.

आता पू साचतो कसा ते पाहू. माजानंतर कुत्रीच्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने स्रवते, मग ती गाभण असो वा नसो. गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्यात स्राव साठतो, आकुंचन थांबते, मुख मिटते. ही तयारी पिल्लांसाठी. पण माजात मुख उघडे असताना आत शिरलेल्या ई. कोलाय जीवाणूंनाही ती मानवते. त्यांच्या विषामुळे मूत्रपिंडांना पाणी राखता येत नाही, म्हणून ती तहान! मांजरीत बीज बहुधा समागमानंतरच सुटते, म्हणून तिच्यात हा रोग कमी, पण होतो.

नुसते प्रतिजैविक पुरत नाही. ते रक्तातून येते, आणि साचलेल्या पुवात रक्त फिरत नाही. शिवाय संप्रेरकाचा अंमल चालूच असतो. म्हणून सलाईन देऊन प्रकृती सावरायची आणि अंडाशयांसह गर्भाशय काढून टाकायचे, हाच खात्रीचा उपाय. पिल्ले हवी असतील, मुख उघडे असेल आणि प्रकृती बरी असेल, तर प्रोजेस्टेरॉनला अडवणारे ॲग्लेप्रिस्टोन आणि गर्भाशय आकुंचित करणारे प्रोस्टाग्लँडिन प्रतिजैविकाच्या जोडीने देतात. मात्र पुढच्या माजानंतर रोग उलटू शकतो. मुख बंद असताना आकुंचन घडवले तर पिशवी फुटण्याचा धोका.

राणीचे मुख बंदच होते. बाहेर एक थेंबही आला नव्हता. शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. चौथ्या दिवशी तिच्या भांड्यात प्रथमच पाणी शिल्लक राहिले.