मोटारसायकलींची दिंडी

दसरा होतो. पाऊस उघडतो. सकाळी गवतावर दव असते आणि दुपारी ऊन चटका देते. शेतात सोयाबीनची काढणी चालू असते. हा शरद ऋतूचा काळ. ह्या दिवसांत एखाद्या रविवारी तुम्ही पुणे-सातारा सडकेच्या कडेला उभे राहा. लांबून घुमल्यासारखा आवाज येईल. मग एकामागून एक मोटारसायकली येतील. आठ, दहा, वीस. डोक्याला टोप, अंगात जाड कोट, हातांत मोजे. एखाद्या गाडीच्या हँडलला दसऱ्याची झेंडूची माळ अजून लोंबत असेल.

हे वऱ्हाड नव्हे आणि ही कोणाची मिरवणूकही नव्हे. हा मोटारसायकल क्लब. क्लब म्हणजे मंडळ. गावात भजनी मंडळ असते, तसे हे गाडीवाल्यांचे मंडळ. कोणी कारखान्यात काम करतो, कोणी दुकान चालवतो, कोणी मास्तर आहे. सुट्टीच्या दिवशी सगळे जमतात, मिळून लांब जातात, आणि संध्याकाळी घरी परततात.

ह्या नादाला आपल्याकडे बरीच वर्षे झाली. बुलेट गाडी १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. जावा गाडी १९६१ पासून म्हैसूरला. त्या वेळच्या काही गाड्या लोकांनी अजून जिवापाड जपल्या आहेत. मालक त्यांना घरच्या बैलासारखे धुतात-पुसतात.

आता कोणी म्हणेल, "ही शहरातल्या लोकांची हौस. आम्हांला तिचे काय?" पण मोटारसायकल आता गावोगाव आहे. बाजाराला जायला तीच, दूध घालायला तीच, पोराला कॉलेजात जायला तीच. वीस जणांनी मिळून गाडी कशी चालवावी ह्याचे जे नियम आहेत, त्यांतले निम्मे एकट्यालाही लागू पडतात. म्हणून आपण अशा एका दिवसाच्या फेरीबरोबर जाऊन पाहू. फेरी पुण्याहून निघते, वाईवरून पाचगणीला जाते आणि परत येते. जायला सुमारे १०० किलोमीटर, यायला तेवढेच.

पहाटे सहाला सगळे पेट्रोल पंपावर जमतात. टाकी भरतात. चाकांत हवा पाहतात, ब्रेक दाबून पाहतात, साखळी सैल आहे का ते पाहतात. पुढचा आणि मागचा दिवा लागतो ना, तेही पाहतात. लायसन आणि विम्याचे कागद जवळ ठेवतात. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असते. तिच्यावर नाव, रक्ताचा गट आणि घरचा फोन नंबर. झेंडूची माळ मात्र काढायला लावतात. ती वाऱ्याने दिव्यावर येते, कधी ब्रेकच्या तारेत अडकते. पूजा झाली, आता माळ घरी ठेवावी.

मग म्होरक्या सगळ्यांना गोल उभे करतो आणि बोलतो. ही पाच मिनिटे फार महत्त्वाची.

वारीची दिंडी तुम्ही पाहिली असेल. हजारो माणसे चालतात, तरी गोंधळ होत नाही. कारण प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली आणि चोपदाराची खूण सगळ्यांना ठाऊक. इथेही तसेच. चोवीस गाड्या असतील तर आठ-आठांच्या तीन तुकड्या करतात. तुकड्यांमध्ये मोठे अंतर राखतात. म्हणजे एस. टी. ला आणि मोटारींना मधून जायला वाट मिळते. सगळ्यांत पुढे म्होरक्या. त्याला रस्ता पाठ असतो. सगळ्यांत मागे पिछाडीचा गडी. त्याच्याजवळ पाने, पंक्चरचे सामान आणि औषधाची पेटी असते. तो कोणालाही मागे सोडून पुढे जात नाही. आणि नवशिका कुठे? आपल्याला वाटेल, शेवटी. नाही. नवशिका म्होरक्याच्या लगेच मागे.

ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. म्होरक्या ५० च्या वेगाने चालला आहे. पुढे म्हैस आडवी आली. त्याने वेग जरासा कमी केला. दुसऱ्याला ते कळायला क्षणभर लागला, म्हणून त्याने थोडा जास्त कमी केला. तिसऱ्याने आणखी जास्त. आठव्याला तर जवळजवळ थांबावे लागते. मग म्हैस जाते. म्होरक्या पुन्हा ५० ने निघतो. आठवा अजून तिथेच रखडलेला. पुढच्याला गाठायला त्याला ७० करावे लागतात. म्हणजे पुढचा सुखाने चालतो आणि शेवटच्याची एकसारखी ओढाताण होते. ओळ रबरासारखी ताणते आणि आखडते. नवशिका शेवटी असला तर तो घाबरतो, पळतो आणि वळणावर पडतो. तो पुढे असला की सगळी ओळ त्याच्या बेताने चालते. चांगला म्होरक्या पुढचा रस्ता पाहतो तितकाच आरशात मागेही पाहतो.

गाड्या जोडीने चालवत नाहीत, बरे का! गप्पा मारत शेजारी-शेजारी जाणे हा मूर्खपणा आहे. पहिली गाडी आपल्या पट्ट्याच्या उजव्या अंगाला, दुसरी डाव्या अंगाला, तिसरी पुन्हा उजव्या. दोन ओळींत रोपे आडआड लावतात, तशी. म्हणजे खड्डा चुकवायला प्रत्येकाला बाजूला जागा राहते. घाटात मात्र एकच ओळ.

आपल्या नेमक्या समोरच्या गाडीत आणि आपल्यात किमान दोन सेकंदांचे अंतर हवे. ते मोजायचे कसे? पुढची गाडी मैलाच्या दगडाजवळून गेली की मनात सावकाश म्हणा, "एकशे एक, एकशे दोन." हे म्हणून व्हायच्या आत तुम्ही दगडाशी पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत किती जागा लागते पाहा. ४० च्या वेगाला सुमारे २० मीटर. ८० च्या वेगाला सुमारे ६० मीटर. वेग दुप्पट झाला, पण जागा तिप्पट लागली. आणि हा हिशोब कोरड्या चांगल्या रस्त्याचा, चांगल्या ब्रेकचा.

गाडीच्या आवाजात बोलणे ऐकू जात नाही. म्हणून खुणा असतात. डावा हात पसरून तळवा खालीवर केला म्हणजे हळू. एक बोट वर म्हणजे एका ओळीत या. पाय बाजूला काढून दाखवला म्हणजे त्या अंगाला खड्डा किंवा खडी. पुढच्याने खूण केली की मागच्याने ती तशीच मागे द्यायची.

तर फेरी निघाली. कात्रज मागे पडले. खेड-शिवापूर गेले. सारोळ्याला नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. शिरवळला चहा. पुढे खंबाटकीचा घाट. घाट उतरून वेळे गाव, आणि मग सुरूरचा फाटा. इथे हमरस्ता सोडून वाईकडे वळायचे.

चोवीस गाड्यांतला एखादा फाट्यावर चुकला तर? तो सरळ साताऱ्याला जाईल. म्हणून फाट्यावर म्होरक्याच्या मागची गाडी थांबते. ती सगळ्यांना वळण दाखवते. पिछाडीचा गडी आला की ती निघते. आज इथे थांबलेली एक बाई आहे. बँकेत नोकरी करते. फाट्यावर एक आबा बैलगाडी सोडून बसले आहेत. गाडीत गवताचे भारे. आबांनी विचारले,

"काय गं पोरी, गाडी बिघडली का?"

"नाही आबा. मागची माणसं यायची आहेत. त्यांना वाट दाखवायला थांबलेय."

"किती जण हायसा?"

"चोवीस."

"आन् शर्यत लावलीया जणू!"

"शर्यत नाही आबा. शर्यत असती तर मी इथं कशाला थांबले असते?"

आबा हसले. मग तिच्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "हे एवढं मडकं डोक्यावर घालून गरम न्हाई होत?"

"होतं की. दुपारी तर घाम गळतो. तुमच्याकडे आहे का गाडी?"

"नातवाची हाय. दूध घालतो डेअरीला. पर त्यो टोप घालत न्हाई. म्हणतो, डेअरी काय लांब हाय व्हय!"

"आबा, पडायला लांब जावं लागत नाही. अन् मागं कोण बसतं?"

"कधी त्याची आई, कधी बहीण. कधी दोघी."

बाई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मागचीलाही टोप लागतो, आबा. अन् दोघी तर बसूच नयेत."

तिचे म्हणणे खरे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने, दोघांनीही हेल्मेट घातले पाहिजे. चार वर्षांवरील मुलालाही ते लागते. मागे एकच माणूस बसवता येतो. २०१९ साली हा कायदा आणखी कडक झाला. हेल्मेट नसेल तर १००० रुपये दंड होतो आणि लायसन तीन महिने रद्द होऊ शकते. पण दंडाची गोष्ट सोडा. हे आकडे वाचा. २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतली ५० हजार २९ दुचाकीवरची होती आणि त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. ह्या ५० हजारांत ३५ हजार ६९२ गाडी चालवणारे, आणि १४ हजार ३३७ मागे बसलेले. मागे बसलेले म्हणजे कोण, ते आबांनी आत्ताच सांगितले.

हेल्मेट घेताना त्यावर आय. एस. आय. ची खूण पाहून घ्यावे. ते डोक्याला घट्ट बसावे. हनुवटीखालचा पट्टा बांधावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताना आधी उडून जाते. ते घातले काय आणि आरशाला टांगले काय, सारखेच.

पुढचा रस्ता वाईचा. कृष्णाकाठी ढोल्या गणपती, घाट, देवळे. इथे सगळे भाकरी-पिठले खातात. मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. घाटात एस. टी. वळण घेताना पूर्ण रस्ता व्यापते. म्हणून वळणावर डाव्या कडेने, एका ओळीत, आणि पुढच्याला मागे टाकायचे नाही. टेबल लँडच्या पठारावर गवत पिवळे पडू लागलेले असते, वारा गार असतो. सगळे तासभर बसतात. तिथे काय गप्पा होतात ते मी सांगत नाही. गाड्यांच्याच होतात.

सगळेच क्लब असे शहाणे नसतात, हेही लिहिले पाहिजे. काही पोरे नळीतली जाळी काढून टाकतात आणि कानठळ्या बसतील असा आवाज करीत गावातून जातात. काही घाटात खरोखरच शर्यत लावतात. तो गुन्हा आहे. पाळण्यातले लेकरू दचकून रडू लागले, तर त्यात कसली आली मर्दुमकी?

पण गावाकडूनही काही गोष्टी होतात. शरदातच त्या जास्त होतात. सोयाबीन वाळवायला डांबरी सडकेवर पसरतात. चारचाकीचे त्यावर काही बिघडत नाही. पण दोन चाकांच्या गाडीखाली ते गोल दाणे छऱ्यांसारखे फिरतात आणि गाडी आडवी होते. शेतातून ट्रॅक्टर सडकेवर येतो, त्याच्या चाकांची माती रस्त्यावर सांडते. पहाटे दव पडले की ती माती साबणासारखी होते. फावड्याने ती ओढून टाकायला पाच मिनिटे लागतात.

कोणी पडलेच, तर १०८ नंबरला फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. हमरस्त्यावर १०३३ नंबरही चालतो. जखमीला ओढून बसवू नका. तोंडात पाणी घालू नका. हेल्मेट हिसकून काढू नका, मानेला इजा होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार!" असे म्हणून माणसे लांब उभी राहतात. पण २०१९ पासून कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे: चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

अडीच वाजता म्होरक्या सगळ्यांना उठवतो. एवढ्या लवकर का? ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. आणि ह्याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम जवळ येतो. सुरूरच्या पुढे भुईंजला कारखाना आहे. हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्री सडकेवर असतात. मागे दिवा नसतो. अंधारात काळा ऊस काळ्या डांबरावर दिसत नाही. मोटारसायकलवाला ६० ने येतो. त्याला थांबायला ४० मीटर लागतात, आणि गाडी दिसते ती २० मीटरवर.

फाट्यावर पिछाडीचा गडी आला तेव्हा त्या बाईने त्याच्या पिशवीतून लाल चमकत्या पट्टीची गुंडाळी मागून घेतली. दिवा पडला की ही पट्टी लांबून चमकते. गाड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते. तिने वीतभर पट्टी कापून आबांना दिली. आबांनी ती गाडीच्या मागच्या फळीवर बरोबर मधोमध धरली.

"मधे नको आबा," ती म्हणाली. "दोन तुकडे करा. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला."

मधे एकच तुकडा लावला, तर मागून येणाऱ्याला ती सायकल वाटते आणि तो बाजूने गाडी घालतो. दोन टोकांना दोन तुकडे लावले, की बैलगाडी किती रुंद आहे ते त्याला लांबूनच कळते.