चपलांसोबत बाहेर ठेवलेलं शरीर



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक ११. जमलं तर ज्ञानेश्वरीतल्या त्याच श्लोकावरच्या ओव्याही शेजारी उघडून ठेवा.

श्लोक दोनच ओळींचा आहे. पहिल्या ओळीत भगवंत सांगतात की बलवानांचं जे बळ हाव आणि आसक्ती सोडून उभं असतं, ते मी. इथपर्यंत आपण मान डोलावतो. दुसऱ्या ओळीत ते म्हणतात की प्राणिमात्रांत धर्माला धरून असलेला जो काम आहे, तोही मीच. इथे मात्र पुष्कळ प्रवचनांत घाईने पान उलटलं जातं. समोर तरुण मुलं बसलेली असतात, त्यांच्या आया बसलेल्या असतात, आणि ‘काम’ हा शब्द माइकवरून बोलायचा म्हणजे जरा अवघडच.

पण भगवंतांना तो शब्द अवघड वाटलेला नाही. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्यांनीच कामाला वैरी म्हटलंय, त्याला मारायला सांगितलंय. सातव्यात तेच म्हणतात की तो मी आहे. दहाव्यात विभूती सांगताना तर मदनाचं नाव थेट घेतात. एकाच ग्रंथात ही दोन्ही वाक्यं आहेत, आणि आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं त्यातलं फक्त पहिलं. मग देवळात जाताना आपण चपला काढतो तसं शरीरही पायरीवर काढून ठेवतो. आत जातं ते नुसतं ‘चांगलं मूल’.

आदि शंकराचार्य या श्लोकावर उदाहरण देतात ते खाण्यापिण्याचं: देह टिकवण्यासाठी लागणारी अन्नपाण्याची इच्छा. तिथेच ते थांबतात. ज्ञानोबा थांबत नाहीत. ते कामाला एक वाटसरू करतात. हा वाटसरू अडवाट सोडून विधीच्या रस्त्याला लागलाय आणि त्याच्यासोबत नियमाची दिवटी चालतेय. मला हे चित्र फार आवडतं. दिवटी म्हणजे मशाल. मशाल वाटसरूला बांधून ठेवत नाही की हाकलूनही देत नाही. अंधारात समोर कोण उभं आहे, ते दाखवते.

‘धर्माला धरून’ म्हणजे काय, याची यादी प्रत्येकाकडे तयार असते. लग्नाआधी, लग्नानंतर, कोणाशी, कोणत्या जातीत. यादीवर भांडायला मला आज वेळ नाही. मी दिवटीचा अर्थ असा घेते: समोरचा माणूस मला दिसतोय का? त्याचं ‘हो’ मला ऐकू आलंय का, आणि ‘नाही’?

मंगळवेढ्याची कान्होपात्रा आठवा. पंधराव्या शतकातली. आई शामा गणिका, घरचा व्यवसाय ठरलेला. मुलगी इतकी देखणी, इतकी छान गाणारी-नाचणारी की ती ‘आवडत’ नाही असा माणूस नसावा. आजच्या भाषेत लाखो फॉलोअर. पुढची कथा महिपतींनी १७६२ च्या भक्तविजयात सांगितली आहे. ती वारकऱ्यांसोबत पंढरपूरला निघून गेली, तिच्या रूपाची बातमी बीदरच्या बादशहापर्यंत पोचली आणि तिला न्यायला शिपाई देवळाच्या दारात येऊन उभे राहिले. तिने विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला. देवळाच्या आवारातलं तरटीचं झाड तिच्या समाधीवर उगवलं, अशी श्रद्धा आहे.

ही कथा आपण ‘वेश्येचाही उद्धार झाला’ अशी सांगतो. मला त्यातला ‘ही’ खटकतो. उद्धाराची गरज नक्की कुणाला होती? तिच्याकडे बघून ज्यांना ती हवीशी वाटली त्यांच्यातल्या एकानेही तिला काय हवं ते विचारलं नाही. बादशहाचा काम दिवटीशिवाय निघालेला काम होता, त्याला समोर बाई दिसलीच नाही, फक्त रूप दिसलं. आणि बघा, ती पळून कुणाकडे गेली? जिथे तिला नाचून दाखवावं लागणार नव्हतं अशा एकाकडे.

इथे मला आपल्या पिढीबद्दल थोडं बोलायचंय. आवडणं आणि जवळ असणं यांची आपण गल्लत करतो. डेटिंग अ‍ॅपवर सहा फोटो निवडायचे, ट्रेकचा एक, कुत्र्यासोबतचा एक, कुर्त्यातला एक. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, माणसं भेटायची तर कुठेतरी भेटणारच. पण सगळ्यांना आवडेल असा चेहरा एकदा बनवला की तोच सांभाळत बसावं लागतं. मग कुणी खरंच जवळ येऊ लागलं की भीती वाटते, कारण जवळून तो चेहरा टिकत नाही. कित्येकांची नाती पहिल्या तीन महिन्यांनंतर मोडतात ती याच ठिकाणी, असं मला वाटतं. आणि देवाशीही आपण तसंच वागतो. आरतीला उभं राहतो ते प्रोफाइलच.

बाराव्या अध्यायात देवाला प्रिय कोण याची लांबलचक ओळख आहे. ‘प्रिय’ हा शब्द तिथे पुन्हा पुन्हा येतो. सगळ्यांना आवडणं हा गुण त्यात कुठेच नाही. उलट निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच, तो प्रिय. ज्याच्यामुळे लोक त्रासत नाहीत आणि जो लोकांमुळे त्रासत नाही, तो प्रिय. यातलं पहिलं आपण जेमतेम जमवतो. दुसऱ्यावर अडतो.

आता आमच्या गिरडकडे येते. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात हे गाव आहे. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघंही येतात, नवस बोलतात. टेकडीवर गोल गोल, सुपारी-जायफळासारखे दगड सापडतात. भूगर्भवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील, हे लाव्हाच्या खडकातले झिओलाइटचे गोटे. गावात विचाराल तर गोष्ट ऐकायला मिळेल: व्यापारी माल घेऊन चालले होते, त्यांनी फकिराची थट्टा केली आणि सगळा माल दगड झाला. मग ते पाया पडले. बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. तो चमत्कार पाहून व्यापारी इथेच राहिले, बाबांच्या सेवेत.

गोष्टीतलं शेवटचं वाक्य लोक विसरतात. थट्टा करणारेच शेवटी जवळचे झाले.

दर्ग्यावर उर्स भरतो, हे तुम्हाला माहीत असेल. उर्स या अरबी शब्दाचा मूळ अर्थ लग्न. सूफी परंपरेत संताचा मृत्यू म्हणजे प्रियकराशी त्याचं मीलन, म्हणून पुण्यतिथीला शोक नाही, लग्नाचा सोहळा. बाबा फरीद यांच्या नावाची जी वाणी गुरु ग्रंथ साहिबात आहे, तिच्यात नवऱ्याची वाट बघणारी बाई बोलते. दाढीवाला फकीर, आणि आवाज नवरीचा. ‘काहून बाप्पा असं?’ असं इकडचं कुणीही विचारेल. कारण एवढ्या जवळिकीसाठी माणसाकडे दुसरी भाषाच नव्हती. आई-लेकराची होती, पण तिच्यात एक गोष्ट येत नाही: स्वतःहून निवडून, स्वतःला पूर्ण उघडं करणं.

वारकऱ्यांचा विठोबा माउली आहे, त्यामुळे ही नवरीची भाषा आपल्याकडे जरा कमी बोलली गेली. गौळणी आणि विरहिणी आहेत, पण आपण त्या गातो आणि अर्थ विचारत नाही. नारदांच्या भक्तिसूत्रांत मात्र भक्तीच्या अकरा प्रकारांत कांतेची आसक्ती स्वच्छ मोजलेली आहे. आणि विदर्भातच एका माणसाने ती अक्षरशः अंगावर घातली. संत गुलाबराव महाराज.

१८८१ चा जन्म, अमरावतीकडचं शेतकरी कुटुंब, माधान हे गाव. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांनाही उत्तर दिलं. स्वतःला ते ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. लेक म्हटल्यावर तिचं लग्न आलंच, आणि नवरा श्रीकृष्ण. म्हणून ते कपाळाला कुंकू लावत, गळ्यात मंगळसूत्र घालत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात! लोक काय बोलले असतील याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

त्यांना आजचा एखादा शब्द चिकटवायची मला घाई नाही. ते संसारी होते, पत्नी मनकर्णिकाबाई, मुलगाही होता. नवऱ्याच्या गळ्यात मंगळसूत्र बघताना त्या बाईला काय वाटलं असेल, हा प्रश्न मी मनात ठेवूनच त्यांच्यापुढे हात जोडते. पण एक गोष्ट नक्की. त्यांनी शरीर पायरीवर ठेवलं नाही. जे आत होतं ते कपाळावर लावून देवासमोर उभे राहिले, आणि लोकांना आवडण्याचा विचार त्यांच्या हिशोबातच नव्हता. भक्तांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. इथेही हसणाऱ्यांच्या गावांत पुढे त्यांचे उत्सव होऊ लागले.

तुमच्यापैकी काहींना आकर्षण वाटतं ते घरच्यांना सांगता येणार नाही अशा व्यक्तीचं. मुलाला मुलाचं, मुलीला मुलीचं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ बाबत निकाल दिला, प्रौढांमधलं संमतीचं नातं गुन्हा राहिला नाही. घरातल्या देवघरापर्यंत तो निकाल अजून पोचलेला नाही, हे मला माहीत आहे. काहींचा प्रश्न उलटा असतो: लग्न झालंय, सगळं ‘व्यवस्थित’ आहे, आणि एका गादीवर झोपून दोन वर्षांत एक खरं वाक्य बोललेलं नाही. काहींना शरीराची ओढ फारशी वाटतच नाही आणि आपल्यात काही कमी आहे असं वाटत राहतं. या तिघांनाही आजचा श्लोक वाचताना मी तोच प्रश्न विचारेन. दिवटी सोबत आहे ना? समोरच्याला फसवत नाही ना, दाबत नाही ना, वापरत नाही ना? मग त्या वाटेवर भगवंत नाहीत, असं कोण म्हणतंय आणि कशाच्या आधारावर?

आजचा अभ्यास. रात्री झोपण्यापूर्वी श्लोक एकदा मोठ्याने म्हणा. मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाच मिनिटं बसा, आणि आजवर प्रार्थनेत कधीच न आणलेली एक इच्छा देवाला साध्या मराठीत सांगा. संस्कृत नको, ‘क्षमस्व’ नको. लाज वाटली तर तेही सांगा. माणसाला सांगायचं असेल तर मात्र माणूस नीट निवडा, घाई नको. ज्यांच्या घरात सांगणं धोक्याचं आहे, त्यांनी देवाजवळच थांबावं, त्यात भ्याडपणा नाही.

उद्या श्लोक १२ : सात्त्विक, राजस आणि तामस भाव. ज्ञानेश्वरीतल्या त्या ओव्या आजच वाचून ठेवल्यात तर बरं.