नाव आपले, नोंदवहीही आपली: स्वतःचा डीएनएस सर्व्हर कसा लावावा



शाळेच्या संकेतस्थळाच्या नावाची मुदत येत्या मार्चमध्ये संपते आहे. बैठकीत नूतनीकरणाचा विषय निघाला तेव्हा एका विश्वस्तांनी विचारले, "नाव आपले आहे, तर त्या नावाचा हिशेब ठेवणारे यंत्रही आपलेच का नसावे?" त्याच आठवड्यात दहावीच्या मुलांनी संगणकाच्या तासाला हेच दुसऱ्या शब्दांत विचारले, की स्वतःचा डीएनएस सर्व्हर लावता येतो का. दोघांनाही उत्तर एकच. लावता येतो, लावणे फारसे अवघड नाही, पण लावल्यानंतरचे काम लावण्यापेक्षा जास्त आहे. ते काय, हे या लेखात सांगतो.

विषय नुसता हौसेचा नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेचे ई-मेल एका सेवेतून दुसऱ्या सेवेत न्यायचे होते. प्रवेशाचे दिवस होते. नावाच्या नोंदीत एकच ओळ बदलायची होती. पण ज्या व्यावसायिकाने संकेतस्थळ करून दिले त्याने नाव स्वतःच्याच खात्यावर घेऊन ठेवलेले होते, आणि तो इंदूर सोडून गेलेला. फोन लागायला अकरा दिवस गेले. तोवर पालकांचे अर्ज जुन्या पेटीत पडत राहिले आणि कार्यालयाला त्याचा पत्ताच नव्हता.

आता मुळापासून पाहू. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपण नावांनी. नावावरून आकडा सांगणारी जी व्यवस्था तिला डीएनएस म्हणतात. सुरुवातीला इंटरनेट लहान होते तेव्हा सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोडगा मांडला: एक मोठी यादी नकोच. प्रत्येकाने आपापल्या नावांची नोंदवही आपल्याकडे ठेवावी, आणि वरच्याने फक्त एवढेच सांगावे की अमुक नावाची नोंदवही कोणाकडे आहे. आज चालते ती व्यवस्था हीच. तिचे नियम १९८७ मध्ये जसे लिहिले गेले ते पायाभूत म्हणून आजही मानले जातात.

पाकिटावरचा पत्ता टपाल खाते कसे वाचते? खालून वर. आधी शहर आणि पिनकोड, मग मोहल्ला, मग घर. डोमेन नावही तसेच उजवीकडून डावीकडे वाचले जाते. आपले नाव समजा शाळा डॉट इन असे आहे. तुमचा संगणक नावे शोधून देणाऱ्या एका मदतनीस सर्व्हरला विचारतो. हे मदतनीस बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचे असते. ते आधी मूळ सर्व्हरकडे जाते. मूळ सर्व्हरांची नावे १३ आहेत, ए पासून एम पर्यंत, आणि १२ संस्था ते चालवतात. प्रत्यक्ष यंत्रे मात्र जगभर हजाराहून अधिक आहेत. मूळ सर्व्हर म्हणतो, "मला शाळा माहीत नाही, पण डॉट इनवाले तिकडे आहेत." डॉट इनची नोंदणी निक्सी ही भारतीय संस्था पाहते. तिथले सर्व्हर म्हणतात, "शाळा डॉट इनची नोंदवही अमुक दोन नेम सर्व्हरांकडे आहे." मग मदतनीस त्या दोघांपैकी एकाकडे जाऊन खरा आकडा घेऊन येते. रामबागेत एखादे घर शोधताना आपण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतो, तो पुढच्या वाड्याकडे बोट दाखवतो, तसेच हे आहे. फक्त सगळे क्षणार्धात होते.

आपला सर्व्हर लावायचा म्हणजे या साखळीतले शेवटचे टोक आपण व्हायचे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरसारखी त्याची जागा आहे. एखादा विद्यार्थी आपल्याकडे शिकला की नाही हे इतर दहा जण आठवणीने सांगतील, पण खात्रीचे उत्तर रजिस्टर ज्याच्या कपाटात आहे तोच देणार.

मुलांनी सरावासाठी कोणतेही नाव विकत घ्यायची गरज नाही. डॉट टेस्ट हे शेपूट १९९९ पासून चाचणीसाठी राखून ठेवलेले आहे, ते कोणालाही विकले जात नाही. आपण शाळा डॉट टेस्ट असे नाव घेऊ. प्रयोगशाळेतले दोन जुने संगणक पुरेत. त्यांवर डेबियन लिनक्स आणि बाइंड हा प्रोग्राम घालायचा. दोन्ही मोफत आहेत. बाइंडचा जन्म १९८० च्या दशकात बर्कले विद्यापीठात झाला आणि तो विद्यार्थ्यांनीच लिहिला, हे दहावीच्या मुलांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

बाइंडला दोन गोष्टी लागतात. एक मांडणीची फाईल, ज्यात लिहायचे की शाळा डॉट टेस्टची मुख्य नोंदवही माझ्याकडे आहे आणि ती या नावाच्या फाईलमध्ये आहे. दुसरी म्हणजे ती नोंदवही, तिला झोन फाईल म्हणतात. खरा अभ्यास इथे आहे.

झोन फाईलची पहिली नोंद एसओए. हे रजिस्टरचे मुखपृष्ठ समजा. यात मुख्य सर्व्हरचे नाव, जबाबदार माणसाचा ई-मेल आणि एक क्रमांक असतो. ई-मेल लिहिताना @ हे चिन्ह चालत नाही, त्या जागी टिंब लिहितात. मग एनएस नोंदी: या नावाचे नेम सर्व्हर कोणते. किमान दोन हवेत. मग ए नोंदी, नावापुढे आयपी आकडा. आकडा नव्या लांब पद्धतीचा असेल तर चार वेळा ए. मग एमएक्स, म्हणजे ई-मेल कुठे पोचवायचे. दोन वर्षांपूर्वी अडली होती ती हीच ओळ. एमएक्ससमोर आयपी आकडा लिहायचा नसतो, मेल सर्व्हरचे नाव लिहायचे असते, आणि त्या नावाची वेगळी ए नोंद लागते.

आता टिंबाची गोष्ट. झोन फाईलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावेच लागते. ते नसेल तर बाइंड समजतो की नाव अर्धवट आहे आणि स्वतः पुढे शाळा डॉट टेस्ट जोडतो. मग मेल डॉट शाळा डॉट टेस्टचे होते मेल डॉट शाळा डॉट टेस्ट डॉट शाळा डॉट टेस्ट. गेल्या सत्रात नववीच्या एका गटाने सबंध तास यात घालवला आणि शेवटी एका मुलीने फळ्यावर येऊन ते हरवलेले टिंब काढून दाखवले. म्हणून सर्व्हर चालू करण्यापूर्वी नेम्ड-चेकझोन ही आज्ञा देऊन फाईल तपासून घ्यावी. ती पुष्कळ चुका पकडते, पण सगळ्या नाही. टिंब राहिलेले नावही कधीकधी तिला बरोबरच दिसते. तेव्हा डिग ही आज्ञा वापरून स्वतःच्या सर्व्हरला प्रश्न विचारावा आणि आलेले उत्तर अक्षर न अक्षर वाचावे.

दुसरा संगणक दुय्यम सर्व्हर करायचा. त्यावर नोंदवही हाताने लिहायची नाही, तो मुख्य सर्व्हरकडून नक्कल उतरवून घेतो. नक्कल जुनी झाली हे त्याला कसे कळते? एसओएमधल्या क्रमांकावरून. क्रमांक वाढला असेल तरच तो नवी नक्कल मागतो. तुम्ही नोंद बदलली आणि क्रमांक तसाच ठेवला, तर मुख्य सर्व्हर एक सांगेल आणि दुय्यम दुसरेच. अर्ध्या लोकांना नवा पत्ता, अर्ध्यांना जुना. म्हणून हा क्रमांक तारखेवरून करण्याची पद्धत आहे: वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसाचा कितवा बदल. २६ जानेवारी २०२६ चा पहिला बदल २०२६०१२६०१. वर्ष चुकून २०६२ लिहिले, तर पुढचे सगळे बरोबर क्रमांक त्याहून लहान ठरतात आणि दुय्यम सर्व्हर हलत नाही.

इथवर झाला प्रयोगशाळेतला भाग. खऱ्या नावासाठी मात्र शाळेतल्या संगणकावर हे चालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नेम सर्व्हरला कायमचा, न बदलणारा आयपी आकडा लागतो. साध्या ब्रॉडबँडवर तो बहुधा नसतो. पोर्ट ५३ बाहेरच्या जगाला दोन्ही पद्धतींनी, यूडीपी आणि टीसीपी, खुले लागते. शिवाय वीज. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप असते, वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ ओढेल? त्यापेक्षा दोन लहान सर्व्हर भाड्याने घ्यावेत. एका शाळेच्या नावासाठी अगदी लहान यंत्र पुरते, दोघांचा महिन्याचा खर्च आपल्या वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या बिलाएवढा येईल.

पण दोन सर्व्हर म्हणजे दोन शहरांत आणि दोन वेगळ्या कंपन्यांकडे. एकाच खोलीत दोन ठेवले तर दुसऱ्याचा उपयोग काय? जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे जवळजवळ दिवसभर दिसेनाशी झाली होती. त्यांचे चारही नेम सर्व्हर जाळ्याच्या एकाच भागात होते आणि तिथल्या राऊटरच्या मांडणीत चूक झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते, ते आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. तिथे नेम सर्व्हर चालू होते, पण दुरुस्तीच्या एका आज्ञेने त्यांच्यापर्यंत जाणारी वाटच इंटरनेटवरून पुसली गेली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे हे, तर आपण सावध असलेले बरे.

सर्व्हर तयार झाले की रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन आपल्या दोन नेम सर्व्हरांची नावे भरायची. इथे एक गंमत आहे. आपल्या नेम सर्व्हरचे नाव जर एनएस१ डॉट शाळा डॉट इन असेल, तर त्याचा आकडा कोणाला विचारायचा? त्यालाच! म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच. म्हणून वरच्या नोंदवहीत नावाबरोबर आकडाही लिहून ठेवतात. याला ग्लू म्हणतात, म्हणजे गोंद. रजिस्ट्रारच्या पानावर त्याची वेगळी जागा असते, ती भरायला विसरू नये. याच कारणाने रजिस्ट्रारच्या खात्याला दिलेला ई-मेल शाळेच्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले तर ते उघडण्याचे पत्र बंद पेटीतच येऊन पडेल.

"बदल केला की जगभर पोचायला ४८ तास लागतात" असे दुकानदार सांगतात. खरे पाहता बदल कुठेही पोचवला जात नाही. प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल हा सेकंदांचा आकडा असतो, आणि तेवढा वेळ मदतनीस सर्व्हर जुने उत्तर लक्षात ठेवतात. ८६४०० म्हणजे एक दिवस. मेल किंवा संकेतस्थळ हलवायचे असेल तर आदल्या दिवशी, शक्य तर दोन दिवस आधी, टीटीएल ३०० वर आणावा. मग खरा बदल पाच-दहा मिनिटांत दिसू लागतो. काम झाले की पुन्हा वाढवावा.

सुरक्षेच्या दोन गोष्टी टाळता येण्यासारख्या नाहीत. आपल्या सर्व्हरने फक्त आपल्या नावाची उत्तरे द्यावीत. बाहेरच्यांसाठी इतर नावे शोधत बसू नये. ही सोय, जिला रिकर्शन म्हणतात, बंद ठेवावी. उघड्या राहिलेल्या अशा सर्व्हरांना खोट्या पत्त्यावरून लहान प्रश्न विचारून त्यांची मोठी उत्तरे दुसऱ्याच्या अंगावर सोडतात. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवरचा प्रचंड हल्ला असाच झाला होता. आणि संपूर्ण नोंदवहीची नक्कल फक्त आपल्या दुय्यम सर्व्हरलाच मिळेल असे बांधून ठेवावे. प्रोग्रामची नवी दुरुस्ती आली की ती घालणे हे महिन्याचे ठरलेले काम. कोणी करायचे त्याचे नाव आधी ठरवावे, नाहीतर सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही.

एका पालकांनी देवनागरी नावाविषयी विचारले होते. डॉट भारत हे शेपूट देवनागरीत २०१४ पासून मिळते. झोन फाईलमध्ये मात्र देवनागरी जशीच्या तशी न लिहिता तिचे ठरावीक रोमन रूप लिहितात. ते एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होते. "भारत"साठी त्यापुढे एच, २, बी, आर, जे, ९, सी अशी अक्षरे येतात. दिसायला विचित्र, पण वाचणाऱ्याला पडद्यावर "भारत"च दिसते.

विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव असा. मार्चपूर्वी नाव न्यासाच्या नावावर करून घ्यावे. खात्याची किल्ली सचिव आणि कार्यालय या दोघांकडे असावी. हे सर्व्हरच्या आधी, आणि सर्व्हर लावला नाही तरीही. झोन फाईलची छापील प्रत दर सत्राच्या सुरुवातीला कपाटात ठेवावी. दोन भाड्याचे सर्व्हर पुढच्या सत्रात घ्यावेत, तेही प्रयोगशाळेतील जोडी तीन महिने न अडखळता चालली तरच. तोवर सध्याच्या रजिस्ट्रारचेच नेम सर्व्हर वापरण्यात काही कमीपणा नाही.

नववी-दहावीच्या मुलांसाठी सराव: शाळा डॉट टेस्टमध्ये वाचनालय या नावाची ए नोंद घाला, क्रमांक वाढवा आणि दुय्यम सर्व्हरला डिगने विचारा. मग दुसरी नोंद घाला, पण क्रमांक वाढवू नका आणि पुन्हा विचारा. दोन्ही सर्व्हरांची उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहून शनिवारी संगणक कक्षात आणा. ज्या पालकांना पाहायचे असेल त्यांनीही यावे, खुर्च्या पुरेशा आहेत.