ठेकेदार आणि काळी यादी

समजा, आपल्या निरगुडसरात शाळेची नवी खोली बांधायची आहे. सरकार पैसा देते. ठेकेदार काम घेतो. पण सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा? आपलाच. दुकानात साधा साबण घेतला, तरी आपण कर भरतो.

आता ठेकेदाराने सिमेंट कमी घातले, वाळूत माती मिसळली, तर? पहिल्याच पावसात छत गळेल. त्या छताखाली पोरे आपलीच बसणार ना?

काम वाईट निघाले तर सरकार ते ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेते, दंडही करते. लबाडी मोठी असली तर त्याला पुढची कामे देणे बंद करते. यालाच 'काळ्या यादीत टाकणे' म्हणतात. केंद्र सरकारच्या कामांसाठी २०१७ चे वित्तीय नियम आहेत. लाचलुचपतीच्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या ठेकेदाराला तीन वर्षांपर्यंत बाहेर ठेवता येते. व्यवहारात सचोटी सोडली, तर दोन वर्षांपर्यंत.

पण रागाच्या भरात कुणाचेही नाव यादीत घालता येत नाही. नाव गेले की धंदा बसतो. त्याच्या हाताखालच्या गवंड्याची, मजुराची रोजी बुडते. शिवाय तक्रार खोटीही असू शकते. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सांगितले, की आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्या. २०१३ साली सांगितले, की बंदी कायमची नसावी. चुकीच्या मानाने असावी. २०१४ साली सांगितले, की काळ्या यादीत टाकणार असाल तर नोटिशीत तसे स्पष्ट कळले पाहिजे.

म्हणजे पुरावा हवा. पारावर बसून नुसते बोलल्याने पुरावा होत नाही. मग काय करावे? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्याला कामाचे अंदाजपत्रक मागता येते. काम जाऊन पाहता येते. मालाचा नमुनासुद्धा मागता येतो. अर्जाची फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे.

ग्रामसभेत प्रश्न विचारा. घोडेगावच्या पंचायत समितीत लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. पोच नाही, तर तक्रार नाही!

आता आपल्याला लिहिता येते. तेव्हा अर्जावर अंगठा नको, सही करू या.

प्रश्न :
१. काळ्या यादीत टाकणे म्हणजे काय?
२. ठेकेदाराचे म्हणणे आधी का ऐकावे?
३. आपल्या गावातल्या एका कामाची माहिती मागणारा अर्ज लिहा.