तेलाचा राखणदार

हॉटेलात वडे तळायचे गॅसचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्याला फ्रायर म्हणतात. कुणाच्या बचत गटाने ते घेतलेही असेल.

कढईतले तेल तापले का, हे आपण कसे पाहतो? पिठाचा थेंब टाकतो. थेंब तळाशीच बसला, तर तेल थंड. टाकताच करपला, तर तेल फार तापले.

फ्रायरमध्ये हे काम थर्मोस्टॅट करतो. तेलात धातूची एक कांडी बुडालेली असते. तिच्यात द्रव असतो. तेल तापले की द्रव फुगतो. त्याच्या जोराने बर्नरचा गॅस बंद होतो. तेल निवले की द्रव आकसतो. गॅस पुन्हा सुरू होतो. तळणाला तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस लागते.

आता बिघाड पाहू.

वडे वरून काळे, आतून कच्चे निघाले? तेल फार तापते आहे. तेलाचा तापमापक घ्या. तेलात बुडवून आकडा वाचा. यंत्राच्या चकतीवर १८० आणि तापमापकावर २१० आले, तर राखणदार चुकतो आहे. बहुधा कांडीवर जळक्या पिठाचे कीट चढलेले असते. गोधडीतून ऊब उशिरा लागते, तसेच हे. कांडीला उशिरा कळते, तोवर गॅस जळत राहतो. गॅस बंद करा. तेल पूर्ण निवू द्या. तेल काढून कांडी हलक्या हाताने पुसा. ती वाकवू नका. तरीही फरक राहिला, तर कांडीतला द्रव गळला असेल. मग कारागीरच बोलवावा.

वडे तेलकट, मऊ निघाले? तेल थंड आहे. एकदम फार वडे सोडले का? सिलिंडर संपत आला का? ज्योत निळी आहे का? पिवळी असेल, तर बर्नर साफ करून घ्यावा.

फ्रायरला दुसराही राखणदार असतो. तेल साधारण २३० अंशांवर गेले, की तो सगळा गॅस बंद करतो. यंत्र सारखे बंद पडते म्हणून काही जण त्याच्या तारा परस्पर जोडून टाकतात. असे कधीही करू नये. राखणदाराचे तोंड बांधले, तर चोर आल्याचे कोण सांगणार? तेल आधी धुरते. मग आपोआप पेटते.

तेल पेटलेच, तर पाणी ओतू नका. पाण्याची वाफ होऊन जळते तेल अंगावर उडते. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा, झाकण घाला. आग आवरेना, तर सर्वांना घेऊन बाहेर पडा. नुकसान भरून निघेल. माणूस परत येत नाही.

सांगा पाहू :
१. कांडीवर कीट चढले, तर तेल जास्त का तापते?
२. पेटलेल्या तेलावर पाणी का ओतू नये?