अपघात झाला तर तुमच्या कमाईची किंमत कोण ठरवणार?



भांडवल, मार्केटिंग, जीएसटी यावर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय.

समजा, तुमचं वय ३३ आहे. पलूसमध्ये पनीरचा छोटा धंदा आहे, रोज पहाटे बाईकवरून तासगावपर्यंत माल पोचवता. एक दिवस समोरून ओव्हरटेक करत आलेला टेम्पो धडकतो आणि उजवा हात जायबंदी होतो. आता?

पहिली चूक दवाखान्यातच होते. "पोलिसांची कटकट नको" म्हणून नातेवाईक सांगतात, "गाडीवरून घसरून पडला." डॉक्टर तेच लिहून घेतात. पुढे क्लेम केला की विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद बाहेर काढतो! म्हणून पहिल्याच दवाखान्यात खरं सांगा: कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. त्यासाठीसुद्धा अपघाताची नोंद लागतेच.

दुसरी चूक म्हणजे गावकीत मिटवणं. टेम्पोवाला ओळखीचा निघतो, चारजण बसतात, दहा हजार देऊन कागदावर सही घेतात. अहो, भरपाई त्याच्या खिशातून जायची नसते! त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून येते. त्याचा विमा चालू आहे का, एवढं मात्र लगेच बघा.

आता मुद्द्याचं. हात कायमचा कमजोर झाला तर कोर्ट भरपाई कशी काढतं? वर्षाची कमाई, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, गुणिले कमाईची क्षमता किती टक्के गेली ते. ३१ ते ३५ वयाला तो आकडा १६ आहे. समजा क्षमता ४० टक्के गेली. महिन्याला २५ हजार निव्वळ नफा सिद्ध झाला, तर ३ लाख × १६ × ४० टक्के, म्हणजे १९ लाख २० हजार. पुरावाच नाही म्हणून कोर्टाने अंदाजाने १० हजार धरले, तर ७ लाख ६८ हजार. दुखापत तीच, माणूस तोच, फरक साडेअकरा लाखांचा!

शिवाय भविष्यात वाढणारी कमाईही धरतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही ती वाढ दिली, चाळिशीच्या आत असाल तर ४० टक्के. पण वाढ कशावर? सिद्ध झालेल्या कमाईवरच.

म्हणून टॅक्स बसत नसला तरी रिटर्न भरा. अपघातानंतर घाईने भरलेल्या रिटर्नकडे कोर्ट संशयाने बघतं. उद्यम नोंदणी करा, गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात घ्या, कच्च्या मालाची बिलं ठेवा. आणि गल्ला म्हणजे कमाई नव्हे, खर्च वजा जाता उरतं ते.

टक्केवारीचंही नीट समजून घ्या. सर्टिफिकेटवरचे टक्के म्हणजेच कमाईचं नुकसान असं नसतं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळीच कमाई जाते, सरकारी क्लार्कची नोकरी मात्र टिकू शकते. तेव्हा दूध ओतणं, क्रेट उचलणं, गाडी चालवणं, यातलं आता काय जमत नाही ते वकिलाला बारकाईने सांगा.

अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलात तरी क्लेम होतो. तुमची चूक जेवढी ठरेल तेवढी रक्कम कापली जाते, इतकंच.

अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीत, करता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, हेल्पलाइन १५१००. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि चूक पूर्ण तुमचीच असेल तर? तेव्हा समोरच्याच्या चुकीवर आधारलेला हा क्लेम त्याच्या विम्यावर करता येत नाही. बाईकच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी. लायसन्स मात्र चालू हवं. आज घरी गेल्यावर डिकीतली पॉलिसी काढून ती ओळ आहे का बघा.